सायकल म्हणायचं नाही

हेमराज उमाटे हा मोटर रिवाइंडिंगचा माणूस. जळालेली मोटर, अडकलेला पंखा, विहिरीतून चिखलासकट काढून आणलेला पंप, काहीही घेऊन त्याच्या हिंगणघाटच्या दुकानात जा, माणूस आधी चहा पाजणार आणि मग बोलणार. पण मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या जाड टायरच्या, गिअरवाल्या वस्तूकडे बघून कुणी “सायकल भारी घेतली बाप्पा” असं म्हटलं, की संपलं. हातातली तांब्याची तार बाजूला ठेवून, चष्मा कपाळावर चढवून तो सांगणार, “सायकल नाई, भाऊ. माउंटन बाईक हाय ते.”

“पायडल तं हायेत ना इले?” गिऱ्हाईक विचारायचं.

“पायडल हायेत. पण बाईक हाय.”

गिऱ्हाईक बिचारं आपल्या पंपाची चौकशी करायला लागायचं. आपला पंप ज्याच्या हातात अडकलाय त्याच्याशी कोण वाद घालणार?

सायकल या शब्दाशी हेमराजचं वैर जुनं. त्याचे वडील ताराचंद अल्लीपूरला भाजीपाला पिकवायचे आणि वांग्याचं पोतं कॅरिअरला बांधून सायकलनं हिंगणघाटच्या बाजारात यायचे. हेमराज तेव्हा हिंगणघाटला खोली करून कॉलेजात शिकत होता. बाजार आटोपला की बाप कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा, घंटी वाजवून वाजवून सगळ्यांच्या माना वळवायचा आणि मग ओरडायचा, “हेमऱ्याऽऽ, तुह्या मायनं डबा धाडला बे!” पोरी फिदीफिदी हसायच्या. हेमराज लायब्ररीच्या मागच्या दारानं पळून जायचा. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, उपाशी राहीन पण सायकलवर बसणार नाही. कमाई सुरू झाल्यावर आधी मोपेड आली, मग मोटरसायकल, मग सेकंडहँड का होईना पण चारचाकी. नवी गाडी दारात आली की तो स्वतःशीच म्हणायचा, सुटलो रे बाबा सायकलीतून.

आणि मग पन्नाशीच्या तोंडावर शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, “उमाटे, पोट बघा जरा. सायकल चालवा.” हेमराजचा चेहरा असा पडला की डॉक्टरांना वाटलं, शुगरची बातमी मनाला लागली. शुगरचं त्याला काहीच नव्हतं. सायकलचं लागलं होतं.

वाचवलं ते पुण्याला नोकरी करणाऱ्या मोहिनीनं, त्याच्या लेकीनं. ती फोनवर म्हणाली, “बाबा, सायकल कशाला? माउंटन बाईक घ्या ना. इथं सगळे तेच घेतात.” माउंटन बाईक! हेमराजनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. त्यात डोंगर होता, त्यात बाईक होती, वांगी कुठंच नव्हती. आठ दिवसांत वस्तू नागपूरहून घरी आली.

हिंगणघाटात माउंटन कुठून आणायचा, हा प्रश्न होता. तो सुटला खदान बागेत. वडनेर रोडकडे गावाच्या कडेला मुरमाची जुनी खदान होती, तिथं नगरपालिकेनं बाग केली होती. पुढं हिरवळ, झोपाळे, व्यायामाची लोखंडी यंत्रं. मागं मात्र मुरमाचा उंच ढिगारा तसाच ठेवलेला, त्यावर बाभळी उगवलेल्या आणि बकऱ्यांनी पाडलेली नागमोडी पायवाट. पहिल्या दिवशी हेमराज धापा टाकत बाईक वर ढकलत घेऊन गेला, हेल्मेटचा पट्टा आवळला, मनात देवाचं नाव घेतलं आणि सोडली खाली. चाकाखाली मुरूम करकरला, बाभळी दोन्ही बाजूंनी पळायला लागल्या, पोट हँडलवर आदळलं आणि हेमराज उमाटे, वय पन्नाशी, धंदा रिवाइंडिंग, मोठ्यानं ओरडला. काय ओरडला ते त्यालाही कळलं नाही. खाली पोचला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानं आलं असं त्यानं बायकोला सांगितलं, पण ते वाऱ्याचं नव्हतं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. हे मात्र त्यानं बायकोला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून रोज पहाटे तो उतार, तो ओरडा. दिवसभर जळक्या वायरींच्या वासात बसलं तरी माणूस खुशीत असायचा.

मध्ये एकदाच गडबड झाली. उताराच्या पायथ्याशी सदाशिवरावांचा बाक होता. सदाशिवराव म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर, बागेत फिरायला येणाऱ्या प्रभात मंडळाचे अध्यक्ष, आणि बागेतल्या प्रत्येक पानावर आपला हक्क आहे असं मानणारे. हेमराजचा ब्रेक जरा उशिरा लागला आणि सदाशिवरावांच्या धोतरावर मुरमाचा फवारा उडाला.

“डोये फुटले का बे तुहे?” सदाशिवराव कडाडले. “थांब, मी नगरपालिकेतच जातो!”

“जा ना काकाजी, कोणं अडवलं?” हेमराजही तोऱ्यात बोलून गेला.

झालं. महिन्याभरात बागेच्या दोन्ही फाटकांवर पिवळा बोर्ड लागला. त्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘बागेत बाईक नेण्यास सक्त मनाई आहे.’

हेमराज बोर्डासमोर उभा राहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईक! गावात माउंटन बाईक एकच, ती त्याची. म्हणजे एका माणसासाठी नगरपालिकेनं दोन बोर्ड लावले! राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपल्यासाठी बोर्ड लागावा एवढे आपण कधी मोठे झालो, हे त्यालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात बागेचा माळी आपली खडखडती सायकल घेऊन बोर्डाखालून खुशाल आत गेला. त्याच्यामागून शाळेतल्या दोन पोरी सायकलवर गेल्या. हेमराजनं हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचा अर्थ काय काढला? तर हा की सायकलवाल्यांना मोकळं रान आणि बाईकवाल्याला बंदी, हा उघड उघड अन्याय आहे. नंतर हे सांगताना हेमराज स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचा. म्हणायचा, देवानं माह्या डोयासमोर तिघं जण पाठवले, अजून काय पाठवणार होता, बँड?

घरी येऊन त्यानं बायकोला, रंजिताला सांगितलं, “आता लढाई. मनाई उठत नाई तवरी मी बाईकले हात लावणार नाई.”

“हात नाई लावाचा तं चालवाची कशी?” रंजितानं पोळी लाटता लाटता विचारलं.

“सत्याग्रह हाय हा!”

वर्धा जिल्ह्यात सत्याग्रह हा शब्द उच्चारला की माणसाची उंची उगाच वाढते. हेमराजची तर इतकी वाढली की दुकानाच्या दारातून वाकून जावं असं त्याला वाटायला लागलं. बाईक मागच्या खोलीत जुन्या मोटरींच्या आडोशाला लागली आणि चळवळ सुरू झाली.

त्यानं अर्ज लिहिला: ‘खदान बागेच्या मागील उतारावर बाईक ट्रॅक मंजूर करावा.’ व्हॉट्सॲपवर ‘माउंटन बाईक हक्क समिती’ काढली. चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर हेमराज आणि बाईक असा जोडीचा फोटो टाकायचा ठरलं होतं, पण फ्लेक्सवाल्यानं विचारलं, “भाऊ, तुमचा चेहरा मोठा घेऊ का?” नाही म्हणायला हेमराज काय साधू आहे? चेहरा मोठा होत होत बाईक खाली कापली गेली. उरलं हेल्मेट घातलेलं हसरं तोंड आणि खाली वाक्य, ‘बाईक हा आमचा हक्क आहे!’

आणि काय सांगावं, गाव पेटलं! ग्रुपमध्ये रोज नवी पोरं सामील व्हायला लागली. ‘भाऊ एक नंबर’, ‘भाऊ आगे बढो’, ‘ट्रॅक तो लेके रहेंगे’ असे मेसेज येऊन पडायचे. रुपेश नावाचा एक पोट्टा, कानात बाळी, डोक्यावर मागं वळवलेले केस, दुकानात येऊन हेमराजच्या पाया पडून गेला. “भाऊ, आमच्यासाठी आजपर्यंत कोणीच उभं राह्यलं नाई,” तो म्हणाला. हेमराजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हिंगणघाटात एवढी पोरं डोंगर चढायला आसुसलेली आहेत आणि आपल्याला पत्ताच नाही! तो म्हणाला, “मी हावो ना आता.” रुपेश निघून गेल्यावर बाहेर मशीनगन चालावी तसा फाडफाड आवाज झाला. हेमराजला वाटलं, कुणाचं तरी लग्न असेल, फटाके उडवून राह्यले.

सदाशिवरावांनीही तिकडं कंबर कसली. प्रभात मंडळ, हास्य क्लबच्या बाया, झोपाळ्यावर नातवंडं घेऊन येणाऱ्या आज्या, सगळ्यांच्या सह्या घेऊन त्यांनी उलटा अर्ज दिला. हास्य क्लबच्या कुंताबाई दुकानासमोरून जाताना हेमराजकडं असं बघायच्या की जणू त्यानं कुणाचा खून केलाय.

“हे मातर माह्या समजुतीच्या बाहेर हाय,” हेमराज रात्री जेवताना म्हणाला. “माह्या एका बाईकनं यायच्या बापाचं काय जाऊन राह्यलं?”

रंजितानं वरणाची वाटी त्याच्यापुढं सरकवली. मग ती म्हणाली, “अवो, एक विचारू? लोकायले समजलं तं हाय ना, तुमी सायकलबद्दल बोलून राह्यले म्हणून?”

हेमराजचा घास हातातच राहिला. “सायकल म्हणाचं नाई!”

“बरं, नाई म्हणत. पण मी काय म्हणते, अर्जात एक बार लिहून टाका ना सायकल म्हणून. काय बिघडते?”

“बिघडते!” हेमराज ताटावरून उठलाच. “सायकल लिहून देऊ, अन् नगरपालिकेतला बाबू म्हणन, हा वांगेवाल्याचा पोरगा, हा काय ट्रॅक मांगून राह्यला! वजन नाई राहत, रंजिता. शब्दाले वजन पाह्यजे.”

रंजितानं त्याच्या पोटाकडं एक नजर टाकली आणि वजनाबद्दल काही बोलली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात कुठं थांबायचं ते तिला कळत होतं.

शेवटी नगरपालिकेनं ठरवलं, रविवारी सकाळी बागेतच सगळ्यांना बोलवायचं आणि जागेवरच निकाल लावायचा. गावंडे साहेब नावाचे इंजिनिअर येणार होते. हेमराजनं नवा सदरा काढला. ड्रायव्हरकडून बाईक मागच्या खोलीतून उचलवून मोटरी पोचवणाऱ्या मालवाहू ऑटोत चढवून घेतली, वर ताडपत्री घातली, हँडलला झेंडूची माळ बांधली. ऐन वेळी ताडपत्री ओढायची आणि लोकांचे डोळे दिपवायचे, असा बेत होता. ड्रायव्हरशेजारी बसून तो निघाला तेव्हा त्याला वाटलं, आज बाप असायला पाहिजे होता. मग वाटलं, बरं झालं नाही. आला असता तर सायकलवरच आला असता.

बागेत ही गर्दी! एका बाजूला प्रभात मंडळ, हास्य क्लब, आज्या, नातवंडं. मध्ये टेबल, टेबलामागं गावंडे साहेब. हेमराजच्या बाजूला मात्र अजून कुणीच नव्हतं, फक्त रंजिता, हातात पाण्याची बाटली घेऊन.

“तुह्ये कार्यकर्ते कुठं हायेत?” सदाशिवरावांनी टोमणा मारला.

“येऊन राह्यले, काकाजी. येऊन राह्यले.”

आणि आले. आधी आवाज आला, फाडफाड, धडामधुडूम. नातवंडं रडायला लागली, बाभळीवरचे बगळे उडाले. मागच्या फाटकातून रुपेश आणि त्याची फौज आत शिरली, प्रत्येकाच्या बुडाखाली सायलेन्सर कापलेली मोटरसायकल. हिरवळीवर गोल चक्कर मारून पोरांनी गाड्या हेमराजच्या मागं ओळीनं लावल्या. “हेमराजभाऊ आगे बढो! हम तुम्हारे साथ हैं!”

हेमराजचं तोंड उघडं पडलं. तो रुपेशच्या कानाशी गेला. “अबे, तुमच्या बाईका कुठं हायेत?”

“ह्या काय, भाऊ.”

“ह्या मोटरसायकली हायेत ना बे!”

“मंग?” रुपेशनं डोळे मोठे केले. “बाईक म्हणजे अजून काय राह्यते, भाऊ?”

हेमराजच्या पायाखालचा मुरूम सरकला. फ्लेक्स आठवला, हेल्मेट आठवलं, ते ‘भाऊ एक नंबर’ आठवलं. दुकानाबाहेर वाजलेले ते फटाके कुणाच्या लग्नाचे नव्हते, हेही आत्ता कळलं.

“पाह्यलं का साहेब?” सदाशिवराव काठी आपटत म्हणाले. “यायलेच थांबवाले बोर्ड लावला आमी. रोज सांजच्याले या मुरमावर रेस लावतेत. एका आजीले धक्का लागता लागता राह्यला. अन् हा आमचा हेमराज, चांगल्या घरचा माणूस, यायचा पुढारी होऊन यायच्यासाठी ट्रॅक मांगून राह्यला!”

“उमाटे,” गावंडे साहेब शांतपणे म्हणाले, “तुमच्या अर्जामुळंच आम्हाला प्रकरण किती वाढलंय ते कळलं. नुसत्या बोर्डानं भागणार नाही. दोन्हीकडं फिरतं फाटक बसवतोय. एका वेळी एक माणूस आत जाईल, चाकं असलेलं काहीच जाणार नाही. वेल्डर उद्या येतोय.”

चाकं असलेलं काहीच नाही. हेमराजच्या डोळ्यांपुढून तो उतार गेला, त्या बाभळी, तो ओरडा. आपल्या आयुष्यात आनंदाची जी एक जागा होती ती आपणच अर्ज करून, ग्रुप काढून, फ्लेक्स लावून बंद करायला लावली. असं डोकं कुणाचं चालतं? माझंच, दुसऱ्या कुणाचं.

“साहेब, थांबा!” तो ऑटोकडं धावला. ताडपत्री ओढली. “माही बाईक ही हाय. ही!”

झेंडूची माळ घातलेली ती जाड टायरची, गिअरवाली वस्तू ऑटोतून खाली उतरली. मग कुंताबाईंचा आवाज आला, स्पष्ट, खणखणीत, “अवं माय! हे तं सायकल हाय!”

हास्य क्लबच्या बायांना हसायची सवय होतीच. त्या दिवशी मात्र सवयीची गरज पडली नाही. सगळी बाग हसली. नातवंडं रडायची थांबून हसली. गावंडे साहेबांनी तोंडावर हातरुमाल धरला.

“अहो उमाटे, पण सायकलला मनाई केली कुणी? बोर्डवर काय लिहिलंय? बाईक. माळी सायकलवर येतो, मुली सायकलवर येतात.”

“लेका, तू महिनाभर बागेत आला नाई,” सदाशिवराव म्हणाले. “मले वाटलं, मी धोतरावरून बोललो त्याचा राग धरला. मी तं तुह्याबद्दल नगरपालिकेत गेलोच नोयतो.”

म्हणजे तो बोर्ड त्याच्यासाठी नव्हताच. हे ऐकून हेमराजला सगळ्यात जास्त लागलं. बंदी नव्हती, ठीक. अन्याय नव्हता, तेही ठीक. पण बोर्डही नव्हता!

गावंडे साहेब पुढं म्हणाले, “तरी फाटक आता लागणारच. हवं तर सायकलसाठी बाजूला एक चिंचोळी वाट ठेवता येईल. पण तुमचा अर्ज बाईकचा आहे, आणि बाईकला वाट देणार नाही म्हणजे नाही. तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, ही काय आहे? तुम्ही सांगाल ते लिहून घेतो.”

सगळी बाग हेमराजच्या तोंडाकडं बघायला लागली. मागून रुपेश कुजबुजला, “भाऊ, नाई म्हणू नोका. भाऊ, बाईकच म्हणा, इज्जतचा सवाल हाय.” एक शब्द. चार अक्षरं. दुधवाला म्हणतो, माळी म्हणतो, शाळेतल्या पोरी दिवसातून दहा वेळा म्हणतात. त्याच्या मात्र घशात तो वांग्याच्या देठासारखा अडकला.

त्यानं रंजिताकडं पाहिलं. तिनं फक्त पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून बाटली पुढं केली. हेमराज घटाघटा पाणी प्यायला.

“सायकल,” तो म्हणाला.

“आवाज येत नाई!” मागून कुणीतरी ओरडलं.

“सायकल हाय, साहेब!” हेमराज एवढ्या मोठ्यानं ओरडला की त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. “सायकलच हाय हे! पयल्या दिवसापासून सायकलच होती! मीच बयताड, मीच तिले बाईक म्हणत होतो! लिहून घ्या, सायकल!”

“भाऊ, तुमी सायकलवाले?” रुपेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, खरं दुःख होतं. मग किक बसल्या, फाडफाड झाली आणि एकेक गाडी बाहेर निघून गेली. हेमराजचा खिशातला फोन वाजायला लागला. ‘रुपेश लेफ्ट’, ‘बादशहा लेफ्ट’, ‘विदर्भ टायगर लेफ्ट.’ थोड्याच वेळात माउंटन बाईक हक्क समितीत फक्त अध्यक्ष उरले.

गावंडे साहेबांनी एक ओळ खोडली, एक ओळ लिहिली, सही केली. लढाई संपली. चहावाल्यानं कप आणेपर्यंतही तिला दम धरवला नाही.

“आता चालवून तं दाखव,” सदाशिवराव हसत म्हणाले. “एवढा तमाशा केला, पाहू दे आमाले कशी उतरवतं ते.”

हेमराजला हेच पाहिजे होतं. त्यानं झेंडूची माळ काढून सदाशिवरावांच्या हातात दिली, टांग टाकली, सीटवर बसला. चाकांनी ‘फस्स’ असा बारीक आवाज केला आणि लोखंडी रिंगा जमिनीला टेकल्या. दोन्ही टायर चपाती झाले होते. सत्याग्रहाच्या धामधुमीत पुढाऱ्यानं हवा भरलीच नव्हती! बागेतल्या बाभळीचे काटे महिनाभर टायरात बसून आपलं काम करत होते, आणि बाईकला हात लावायचा नाही म्हणून कुणी बघितलंही नव्हतं.

आता हसणंही संपलं होतं लोकांचं. कुंताबाई पोट धरून बाकावर बसल्या आणि हातानंच ‘पुरे, पुरे’ म्हणाल्या.

ऑटोवाला मोटरी पोचवायला केव्हाच निघून गेला होता. मग काय, हेमराजनं हँडल धरलं आणि भर रविवारी, बाजाराच्या रस्त्यानं, सायकल हातात घेऊन चालायला लागला. रंजिता दुसऱ्या बाजूनं चालत होती. चढावर ती मागून कॅरिअर ढकलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं, या वस्तूला कॅरिअरच नाही. मग तिनं सीट ढकलली.

“काय झालं, हेमराजभाऊ?” किराणावाल्यानं दुकानातून विचारलं.

“सायकलमधली हवा गेली,” हेमराज म्हणाला. म्हणताना कान लाल झाले.

“काय झालं हो?” औषधाच्या दुकानातून आवाज.

“सायकलमधली हवा गेली.”

कापडवाल्यानं विचारलं. पानवाल्यानं विचारलं. मंडईच्या तोंडाशी भाजी लावून बसलेल्या बाईनं विचारलं. प्रत्येकाला तेच सांगता सांगता हेमराजच्या लक्षात आलं की याच रस्त्यानं, याच चढावर, वांग्याचं पोतं लादून कुणीतरी अशीच सायकल ढकलत आणत असे आणि वरून कॉलेजात डबा पोचवत असे. त्याला लाज वाटली. सायकलची नाही. त्या लायब्ररीच्या मागच्या दाराची. त्याचे डोळे भरून आले आणि तो रंजिताला म्हणाला, “वारा हाय.” रंजिता म्हणाली, “हव, लय वारा हाय.” झाडाचं पानही हलत नव्हतं.

चौकातल्या पंक्चरवाल्यानं सायकल आडवी पाडली, काटे काढले, ठिगळं लावली. मग साधा हातपंप घेऊन हवा भरायला बसला, तर नळी काही तोंडावर बसेना. त्यानं वाकून पाहिलं, परत पाहिलं आणि उठून आत कॉम्प्रेसरची नळी आणायला गेला. येताना त्याच्या चेहऱ्यावर आदर होता.

“भाऊ, याले तं बाईकचा वॉल्व हाय!” तो म्हणाला. “सायकलचा पंप चालतच नाई. हे बाईक हाय का काय?”

रंजितानं श्वास रोखून नवऱ्याकडं पाहिलं. चौकातले दोघं-तिघंही थांबले होते. एवढे दिवस हेमराज ज्या एका वाक्याची वाट बघत होता ते वाक्य आज आपल्या पायांनी चालत आलं होतं, आणि तेही अगदी पुराव्यासकट.

हेमराजनं कपाळावरचा घाम पुसला.

“नाई गा,” तो म्हणाला, “सायकल हाय. वांगेवाल्या ताराचंदच्या पोराची. भर हवा.”